बंदीचं गणित

आपल्या कॉलेजच्या गेटमधून बाहेर पडून हायवेला लागलं, की पाच मिनिटांत एक बोर्ड दिसतो. 'परमिट रूम'. चार वर्षं तो बोर्ड बघतोय. पण 'परमिट' कसलं, हा प्रश्न मला शेवटच्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तुम्हाला पडलाय का?

उत्तर गमतीशीर आहे. मित्रांनो, आपण ज्या राज्यात राहतो तिथे कागदावर आजही दारूबंदीचा कायदा आहे. १९४९ चा. तो रद्द झालेलाच नाही. दारू प्यायची तर सरकारी परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये आणि देशीला दोन. शिवाय सौम्य बिअर-वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं आणि बाकी सगळ्यासाठी २५. म्हणजे आपल्या हॉस्टेलवर 'सेलिब्रेट' करणारा जवळजवळ प्रत्येक जण कायदा मोडतोय. आणि हे सगळ्यांना माहीत असूनही कुणालाच माहीत नाही!

हा लेख उपदेशाचा नाही. मी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. दोन वर्षांपूर्वी एका रात्री जे घडलं, त्यानंतर मी जरा वाचायला लागलो. बंदी घातली की पिणं कमी होतं का? उठवली की वाढतं का? इंजिनिअरिंगच्या पोराने आकडे बघावेत तसे बघितले. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय. आधी ती रात्र सांगतो.

चाळीस मिनिटं

गॅदरिंगची शेवटची रात्र. आमच्या विंगमधल्या काही जणांचा गच्चीवर कार्यक्रम ठरला होता. वॉचमन काका बॅगा तपासायचे, म्हणून 'माल' आला तो ड्रॉइंग शीटच्या कंटेनरमधून. अर्थात बिअर नव्हती. बिअरच्या बाटल्या मोठ्या, वाजतात, आणि त्या कंटेनरमध्ये मावतात किती? म्हणून चपट्या आणल्या होत्या, तेसुद्धा सगळ्यात स्वस्तातल्या. रेक्टर सरांचा राउंड साडेदहाला. म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत. पाणी खाली राहिलं होतं आणि ते आणायला कोण जाणार? फर्स्ट इयरचा एक मुलगा होता, पहिल्यांदाच घेत होता. त्याने पंधरा-वीस मिनिटांत जेवढी घेतली तेवढी एखादा सराईत माणूस तीन तासांत घेईल.

अकराच्या सुमारास तो उठेना. आधी आम्ही हसलो. मग त्याला उलटी झाली, तीही उताणा पडलेला असताना. मग कुणी हसलं नाही.

खरी गोष्ट इथे सुरू होते. आम्ही आठ जण होतो. रेक्टर सरांची रूम दोन मजले खाली. फोन प्रत्येकाच्या खिशात. आणि आम्ही चाळीस मिनिटं चर्चा केली. 'लिंबू पाजू.' 'झोपू दे, सकाळी ठीक होईल.' 'सरांना सांगितलं तर घरी पत्र जाईल.' 'माझं प्लेसमेंट आहे यार.' आठातले पाच जण हळूच आपापल्या रूमवर जाऊन झोपले. उरलेल्या तिघांनी त्याला उचलून खाली आणलं आणि वॉचमन काकांना उठवलं. त्या माणसाने एकही प्रश्न न विचारता रिक्षा आणली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं, सलाईन लावलं आणि आम्हाला एवढंच विचारलं, "आणायला इतका उशीर का केलात?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

तो वाचला. पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. ज्या तिघांनी त्याला दवाखान्यात नेलं, त्यांची नावं दवाखान्याच्या कागदावर होती. त्यांना एका सेमिस्टरसाठी हॉस्टेलमधून काढलं. जे पाच जण झोपायला गेले, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांना काहीही झालं नाही.

मी त्या पाचांपैकी होतो.

अमेरिकेचा प्रयोग

दारूबंदीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं. १७ जानेवारी १९२० पासून अख्ख्या देशात दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं बंद. त्यासाठी थेट राज्यघटनाच दुरुस्त केली. डिसेंबर १९३३ मध्ये पुन्हा घटनादुरुस्ती करून बंदी उठवली. जवळजवळ चौदा वर्षं चाललेला, एका मोठ्या देशावर केलेला प्रयोग.

आपण सहसा ऐकतो ते असं: 'बंदी घातली आणि लोक उलट जास्तच प्यायला लागले.' हॉस्टेलच्या कट्ट्यावर हे वाक्य मीसुद्धा ठासून बोललेलो आहे. ते चूक आहे. जेफ्री मायरन आणि जेफ्री झ्वीबेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याचा हिशेब मांडला. चोरून होणाऱ्या विक्रीची पावती नसते, म्हणून त्यांनी लिव्हर सिऱ्हॉसिसचे मृत्यू, दारूच्या अतिसेवनाने झालेले मृत्यू, मनोरुग्णालयांतले दाखले, दारू पिऊन झालेल्या अटका अशा आडवाटेने अंदाज बांधला. त्यांच्या मते बंदीच्या सुरुवातीला दारूचा खप आधीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला. मग पुढच्या काही वर्षांत तो चढत चढत ६० ते ७० टक्क्यांपर्यंत गेला आणि तिथे स्थिरावला.

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना ही आकृती ओळखीची वाटेल. सिस्टिमला एक जोराचा धक्का दिला, आउटपुट धाडकन खाली आलं, मग सिस्टिमने वाट शोधली आणि आउटपुट नव्या पातळीवर येऊन थांबलं. नवी पातळी जुन्यापेक्षा कमीच होती, पण शून्याच्या जवळपासही नव्हती.

बंदी उठल्यावर खप लगेच उसळला, असंही झालं नाही. तो सावकाश वाढला. माणशी खप बंदीआधीच्या पातळीवर परत यायला साधारण १९७० चं दशक उजाडलं. म्हणजे बंदीचा परिणाम खपावर होतो, हे मान्यच करायला हवं. माझ्यासारख्याला ते मान्य करणं जड गेलं, पण आकड्यांशी भांडून काय उपयोग?

मग गडबड कुठे झाली? किती प्यायली याच्यात नाही, काय प्यायली आणि कशी प्यायली याच्यात. चोरून न्यायचं तर कमी जागेत जास्त नशा मावली पाहिजे. पाच टक्क्यांच्या बिअरपेक्षा चाळीस टक्क्यांची व्हिस्की त्याच जागेत आठपट 'काम' करते. पकडले जाण्याची जोखीम मात्र दोन्हीला सारखीच. त्यामुळे त्या काळात बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. औद्योगिक अल्कोहोल पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मेथॅनॉलसारखी विषं मिसळणं सरकारच्याच नियमाने सक्तीचं होतं. चोरटे ते विष काढायचा प्रयत्न करायचे, पण दरवेळी ते जमायचं नाही आणि माणसं मरायची. १९३० मध्ये 'जमैका जिंजर' नावाच्या औषधी अर्कात भेसळ झाली, आणि तो दारू म्हणून पिणारे हजारो गरीब लोक पायांनी अधू झाले.

आता आमचा ड्रॉइंग शीटचा कंटेनर आठवा. बिअरच्या जागी चपटी का आली? साडेदहाच्या आत का संपवली? आम्ही अमेरिकेचा इतिहास न वाचताच त्याची प्रॅक्टिकल परीक्षा देत होतो.

आपल्या मुंबईत

आपला इतिहास फार वेगळा नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती राबवणारे मंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. दारूच्या धंद्यात पारशी मंडळी बरीच, त्यामुळे समाजाचा रोष त्यांनी घरातूनच ओढवून घेतला. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, फक्त अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यावरची बंदी काढली.

मग काय झालं, हे जुन्या मुंबईकराला विचारा. आजोबांच्या पिढीतल्या कुणालाही 'आंटीचा अड्डा' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गूळ, नवसागर, आणि काय काय टाकून हातभट्ट्या पेटल्या. ज्यांची पोच होती त्यांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून 'तब्येतीसाठी' परवाना मिळवला. ज्यांची नव्हती ते अड्ड्यावर गेले. चोरट्या दारूच्या पैशातून वरदराजन मुदलियारसारखी माणसं मोठी झाली. साठीच्या दशकापासून नियम सैल होत गेले. सत्तरीत देशी दारूचे परवाने आले. कायदा तसाच राहिला आणि त्याच्या पोटात परमिट रूम उघडल्या.

पण मग हातभट्टी संपली का? नाही ना! २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूचे बळी गेले. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली, मेथॅनॉलनेच. तेव्हा मुंबईत दारू खुली होती. म्हणजे 'दारू खुली करा, विषारी दारू आपोआप संपेल' हेही अर्धसत्य. ज्याच्या खिशात वीस-पंचवीस रुपये आहेत त्याच्यासाठी दुकानातली कर भरलेली बाटली बंदच असते. किंमत हीसुद्धा एक बंदीच आहे.

आणि बंदीची मागणी करणारे सगळे काही 'संस्कृतिरक्षक' नसतात, हेही लिहायला हवं. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं की दुकान बंद होतं. रांगेत उभं राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला मायरन आणि झ्वीबेल माहीत नसतात. तिला संध्याकाळी घरी काय होतं ते माहीत असतं. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती अशाच लोकांच्या आंदोलनातून. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला घातली आणि २०२१ ला उठवली. बिहारमध्ये २०१६ पासून आहे. तिथे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण (१५ ते ४९ वयोगट) सुमारे २९ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलेलं दिसतं. पण त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ वर्षांवरील पुरुषांमध्ये बंदी असलेल्या बिहारमध्ये १५.५ टक्के, आणि परमिट रूमवाल्या महाराष्ट्रात १३.९! शिवाय जिथे पिणं गुन्हा आहे तिथे घरी आलेल्या सर्वेक्षकाला 'हो, पितो' असं किती जण सांगतील? आमच्या हॉस्टेलवर सर्वे केला असता तर त्या रात्री शून्य टक्के निघाले असते.

गर्द, गांजा आणि पोर्तुगाल

दारू सोडून बाकीच्या नशेचंही बघू. आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याआधी काही राज्यांत अफू-गांजा परवान्याच्या दुकानात मिळायचा. त्याच दशकात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर 'गर्द' आली. (ती कायद्याच्या आधीच यायला लागली होती, त्यामुळे सगळं खापर कायद्यावर फोडता येत नाही.) डॉ. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, आणि त्यातूनच १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. आज काय स्थिती आहे? केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या २०१९ च्या पाहणीत देशात अफू घेणारे ०.५२ टक्के, तर हेरॉइन घेणारे १.१४ टक्के निघाले. कमी जागेत जास्त नशा, हे सूत्र इथेही बसतं. आणि भांग, जी या कायद्याच्या व्याख्येतून सुटलेली आहे, ती घेणारे साधारण दोन टक्के. म्हणजे खुली आहे म्हणून सगळा देश भांगेत बुडालेला नाही.

पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून वेगळा रस्ता धरला. तिथे नव्वदीच्या अखेरीस लोकसंख्येच्या साधारण एक टक्का लोक हेरॉइनच्या विळख्यात होते. त्यांनी ड्रग्ज खुले केले नाहीत. विकणं गुन्हाच राहिलं. पण स्वतःपुरता, दहा दिवसांच्या वापराइतका साठा सापडला तर तुरुंग नाही. तीन जणांच्या समितीपुढे जायचं. ती विचारपूस करते, गरज असेल तर उपचाराकडे वळवते. त्याच वेळी उपचारांवर पैसा खर्च केला. लोक म्हणत होते की आता सगळी तरुण पिढी वाया जाणार. तसं झालं नाही. इंजेक्शनमधून होणारी एचआयव्हीची नवी लागण मात्र झपाट्याने घसरली.

हे वाचून मी खूश झालो होतो, तेवढ्यात ओरेगॉन सापडलं. अमेरिकेतल्या या राज्यात २०२० मध्ये लोकांनी मतदानाने असाच निर्णय घेतला आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. पण शिक्षा आधी काढली आणि उपचारांची सोय मागून रखडत आली. त्यातच फेंटॅनिलची लाट. रस्त्यावर उघड नशा दिसू लागली, लोक वैतागले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून जवळ बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. गांजाचंही तसंच. अमेरिकेत एकेक राज्य तो खुला करत गेलं, मोठी बाजारपेठ तयार झाली, आणि २०२२ मध्ये रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणाऱ्यांची संख्या रोज दारू घेणाऱ्यांच्या पुढे गेली. जिथे धंदा आहे तिथे रोजचं गिऱ्हाईक वाढवणं हे धंद्याचं कामच असतं.

तर मग काय?

माझा निष्कर्ष असा. बंदीने खप कमी होतो, पण उरतो तो खप लपतो, कडक होतो आणि एकटा पडतो. खुलं केल्याने विष कमी होतं, पण विकणारा मोकाट सुटला तर खप वाढतो. दोन्ही टोकांचे लोक अर्धा आलेख दाखवून भांडतात. खरा प्रश्न हा, की उरलेल्या माणसाचं तुम्ही काय करता? तो बुडायला लागला तर त्याला, आणि त्याच्या शेजारच्याला, हाक मारायची सोय आहे का?

आपल्या कडक एनडीपीएस कायद्यातसुद्धा ती सोय आहे. कलम ६४ अ. व्यसनात अडकलेला माणूस, त्याच्यावर सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणाचा गुन्हा असला तरी, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला आला तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. म्हणजे देशाच्या कायद्याने जे दार उघडं ठेवलंय, ते आपल्या हॉस्टेलच्या नियमावलीने बंद केलंय!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. हॉस्टेलमधली बंदी उठवा असं मी म्हणत नाही. ती राहू दे. वॉचमन काकांनी खुशाल बॅगा तपासाव्यात, कंटेनरसुद्धा. फक्त नियमावलीत एक वाक्य वाढवा: 'नशेमुळे कुणाची प्रकृती धोक्यात आल्यास मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मदत मागितली त्याच्यावर, त्या प्रसंगातील सेवनासाठी शिस्तभंगाची कारवाई होणार नाही.' पुढे त्या मुलाची समुपदेशकाशी भेट सक्तीची करा, माझी हरकत नाही. आणून विकणाऱ्याला मात्र सोडू नका.

'अशाने पोरं जास्त पितील,' असं म्हटलं जाईल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये असाच नियम केला. नंतरच्या पाहणीत मदतीसाठी येणारे फोन वाढले, पिण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. आणि साधा विचार करा, दवाखान्यात न्यायची सोय आहे म्हणून कुणी जास्त पितं का? हेल्मेट आहे म्हणून कुणी मुद्दाम गाडी ठोकतो का?

रेक्टर सर, हे तुमच्यासाठी लिहितोय. त्या चौकशीत तुम्ही अन्याय करायच्या हेतूने काही केलं नाहीत, हे मला माहीत आहे. नियमात जे होतं ते केलंत. पण त्या निकालातून आमची विंग काय शिकली ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो. 'पिऊ नका' असं कुणी शिकलं नाही. 'दवाखान्यात नेऊ नका' असं शिकले. आजही गच्चीवर कार्यक्रम होतात, आणि सुरू होण्याआधी एक जण हसत हसत म्हणतो, "कुणी आडवा झाला तर आपापल्या रूमवर, काय?" सगळे हसतात.

मी आता हसत नाही. ज्या तिघांना काढलं, त्यांतला एक माझा रूममेट होता. सामान बांधताना त्याने मला काहीही विचारलं नाही. तेवढं एक विचारलं असतं तर बरं झालं असतं.

— शेवटचं वर्ष, मेकॅनिकल